सगळ्यात जास्त उघडलेला लेख

प्रिय दादा,

पत्र ऑफिसच्या ईमेलवर आलेलं पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. घरी फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतोस आणि शेजारी आई बसलेली असते. मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. सकाळपासून नुसती उठबस चाललीय. खिडकी उघडतेय, लावतेय, पाणी पितेय. कशात म्हणून लक्ष लागत नाही.

आमच्या रोपवाटिकेचं वार्तापत्र तुला ईमेलनं येतं आणि तू ते न उघडताच उडवतोस. लाजू नकोस, मला इथे सगळं दिसतं. तर मालकांनी फर्मान काढलं, की वर्षभरातले सगळ्यात लोकप्रिय लेख शोधून काढ. कोणता किती उघडला, लोकांनी कशावर क्लिक केलं, कुणी उत्तर धाडलं, सगळी माहिती गोळा कर. मी केली. घाम गाळून लिहिलेला माझा कलमांवरचा लेख पार तळाला, आणि ‘कुंडीला पाणी कधी घालावं’ हे घाईत खरडलेलं चिटुकलं टिपण पहिलं! मालक खूश. आता अख्खा हंगाम पाण्यावरच लिहायचं म्हणाले. मीही दिवसभर कॉलर ताठ करून फिरले.

पण मन खात होतं. त्या टिपणात एवढं आहे तरी काय? पुन्हा तपासलं तेव्हा कळलं, मी वेंधळ्यासारखा चुकीचा रकाना उतरवला होता. किती माणसांनी वाचलं ते सोडून, किती वेळा उघडलं गेलं तो आकडा. आमचे वाचक ते किती, मूठभर. त्यातली एकच बाई ते टिपण रोज उघडत होती, सकाळी, दुपारी, परत संध्याकाळी. पत्ता आईचा होता.

आधी मला हसूच आलं. म्हटलं, लेकीचा लेख वर यावा म्हणून मातोश्रींनी कंबर कसलेली दिसतेय. मग वाचकांची उत्तरं पाहिली. ती आमच्या काउंटरवरची मुलगी बघते, माझ्यापर्यंत येत नाहीत. आईनं विचारलं होतं, पानं पिवळी पडताहेत, पाणी कमी पडतंय का? मुलीनं कळवलं, जास्त होतंय. आईनं आभार मानले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पहिल्यांदाच विचारावा तसा. पुन्हा आभार. आणि असं कितीतरी दिवस. त्या बिचारीला वाटलं, आजी एकट्या असतील, बोलायला कुणी हवं असेल.

दादा, अख्ख्या शाळेतल्या पोरांचीच काय, त्यांच्या आईबापांचीही नावं जिला पाठ होती, ती ही आपली आई. मध्यंतरी तू फोनवर हसत सांगितलंस, की आई झाडांना बुडवून मारतेय, खालच्या मजल्यावरच्या काकू गळणाऱ्या पाण्यावरून तणतणत वर आल्या. मीही खिदळले. तेव्हा मागून वहिनी काहीतरी सांगू बघत होती आणि तू विषय बदललास. तुला आधीच शंका आली होती ना? भांडायला लिहीत नाहीये. तूही घाबरला असशील. मी तर पुरती घाबरलेय. पण ‘वय झालं’ म्हणून आता झाकून नको ठेवूस. डॉक्टरांची वेळ घे, नेहमीची तपासणी आहे म्हणून सांग तिला. मी शुक्रवारी पोचते.

खरं तर शुक्रवारी समोरासमोरच बोलणार होते. पण आज सकाळी तिचं आणखी एक उत्तर आलं. आजवर प्रत्येक उत्तराच्या शेवटी असायचं, हे लिहिणारी माझी मुलगी आहे, तिला माझा आशीर्वाद सांगा. काउंटरवरच्या मुलीला वाटायचं, आजी लाडानं म्हणताहेत. आज तिनं लिहिलंय, ‘आपण कोण ते ठाऊक नाही, पण फार मायेनं लिहिता. माझी मुलगीही असंच लिहायची. ती हल्ली कुठे असते, आपल्याला काही माहीत आहे का?’ याला उत्तर मी त्या मुलीला देऊ दिलं नाही. स्वतः लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. ‘प्रिय आई’ लिहिलं तर ती गोंधळेल. दुसरं काही लिहायला हात धजत नाही. दादा, तू तिच्या जवळ आहेस. आज घरी गेलास की तिच्याशेजारी बस आणि तिला सांग, मी कुठे असते ते.

तुझीच,
धाकटी