इल्काला एकटीला वाजवू द्या

माको, ३ फेब्रुवारी १९७४

चि. इल्कास,
अ. उ. आ. गुडघा सोडला तर इकडे सारं ठीक. काल शेजारच्या तेर्काच्या टीव्हीवर तुझं वाजवणं पाहिलं आणि जेवण गेलं नाही. पुढे ते दोन बाप्ये, एक व्हायोलिनवाला, एक चेलोवाला, आणि तू मागे! पियानोचं झाकणही अर्धंच उघडलेलं. स्पर्धेत पहिली आलीस तेव्हा ते सताड उघडं होतं. तुझ्या हातून काही चुकलं का? तेर्का म्हणालीच, एका गड्याला पोतं उचलत नाही तेव्हा तीन लावतात, तसलं आहे का हे. मी म्हटलं, तुझा जावई तर दहा जणांनाही उचलायचा नाही. पण बोलणं लागलं.

मी चार इयत्ता शिकलेला, तरी गप्प बसलो नाही. बुडापेश्टच्या मैफल-कचेरीला पत्र घातलं, की जन्मभर कांदा काढलेल्या माणसाची मुलगी आहे, तिला एकटीला वाजवू द्या. तू काळजी करू नकोस, काळजीला मी आहे. स्वेटर घालत जा.
म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाबा, द्युला वेरेब

बुडापेश्ट, २० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. बाबा, काय करून बसलात! आम्ही तिघं बरोबरीचे. पियानोत व्हायोलिनचा आवाज बुडू नये म्हणून झाकण मीच खाली ठेवते. पण कष्टकऱ्याची मागणी म्हणून कचेरीने तुमचं पत्र डोक्यावर घेतलं. आमचं त्रिकूट मोडलं, एप्रिलचा व्हिएन्नाचा कार्यक्रम रद्द, तिघांचे पासपोर्ट कचेरीच्या कपाटात. मला एकटीला सात आठवडे कोंबडीपालन केंद्रांच्या खानावळीत वाजवायचं आहे. तिथे झाकण सताड उघडं असेल, कारण त्या पियानोला झाकणच नाही.

व्हायोलिनवाल्या लॉरिंट्सने व्हिएन्नासाठी कोट शिवला होता, तो माझ्याशी बोलत नाही. चेलोवाला बालिंट म्हणतो, तुझ्या बाबांना मंत्री करा, देशातली कामं भराभर होतील. पाच वर्षं आम्ही या एका संधीसाठी झिजलो. तुम्हीच काहीतरी करा.
रागावले आहे, तरी तुमचीच,
इल्का

माको, २७ फेब्रुवारी

चि. इल्कास,
अ. उ. आ. तुझं पत्र वाचून पाणी कडू लागलं. लगेच कचेरीला दुसरं पत्र धाडलं. लिहिलं, की पहिल्या वेळी बापाच्या मायेने खरं लपवलं. मुलगी एकटी बसली की घाबरते, सूर विसरते, रडते. दोन माणसांच्या देखरेखीशिवाय तिला पियानोजवळ जाऊ देऊ नये. सगळं खोटं, पण लिहिलं. साक्षीला तेर्काची सही घेतली. तिने पत्र न वाचताच केली, म्हणाली, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.
आता तरी बापाला पदरात घे.
तुझा बाबा

बुडापेश्ट, २१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. काम झालं! पासपोर्ट हातात आले, दहा एप्रिलला आम्ही तिघं व्हिएन्नात वाजवणार. लॉरिंट्सने मला मिठी मारली, कोट चुरगळला म्हणून लगेच ओरडलाही.

हुकमात लिहिलं आहे, की कलावंत इल्का वेरेब ही एकटी वाजवण्यास असमर्थ असून तिला कायम दोन जबाबदार सहकाऱ्यांच्या ताब्यात ठेवावं. खाली तीन शिक्के. बालिंट आता रस्ता ओलांडतानाही माझा हात धरतो.

एक सांगायचं राहिलं. शरद ऋतूत मोठ्या वाद्यवृंदापुढे मी एकटी वाजवणार होते. तुमच्या नामदिनाला, तुमच्या नावाच्या सणाला, सांगून चकित करणार होते. काल त्या कार्यक्रमावरून माझं नाव खोडलं. मी वाजवून दाखवते म्हटलं, तर साहेब म्हणाले, कानांचं काय घेऊन बसलात, घरच्यांनी लेखी दिलंय.

व्हिएन्ना मिळालं, म्हणून रडू आवरते आहे. तुमच्यावर राग नाही. फक्त यापुढे काही खटकलं तर मला लिहा, कचेरीला नको. कचेरी तुमचं लगेच ऐकते; माझ्याकडून ऐकायला उशीर होतो, तेच बरं आहे.
गुडघा जपा, आणि मला धाकात ठेवत राहा.
तुमची,
इल्का