काट्यावरचा संत निकोला

बाबा,

गाडीची किल्ली शोधू नका, मी घेऊन चाललेय. इंजिनचा पंखा बॅटरीला डायरेक्ट जोडला तर गरागरा फिरतो, म्हणजे गेलाय तो त्याला चालू करणारा रेडिएटरचा सेन्सर. तो आणायला बसने क्रागुयेवात्सला जातेय. ऐन ऑगस्टच्या उन्हाळ्यात इंजिनची उष्णता आत ओढून ते थंड राहावं म्हणून हीटर लावायचा, आणि वारा बाधतो म्हणून काचा बंद! धन्य आहे तुमची. वर तापमानाचा काटा आईला दिसू नये म्हणून त्यावर संत निकोलाचं चित्र चिकटवलंत. ते काढलं आणि मग घरातल्या त्याच्या तसबिरीमागेही हात घातला. तुमचं रक्तदाबाचं यंत्र सापडलं. त्यात शेवटचा आकडा दोनशे दहा आहे. आईला अजून सांगितलं नाही. उद्या सकाळी आपण दोघं डॉक्टरकडे जातोय, बसने. काचा उघड्या असतील.

देसांका