बारावं काडतूस

घर,
४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही म्हणून वहिनीपुढे माझ्या नावाने खडे फोडले असशीलच. फोड. हे गेले त्याला आठ महिने झाले, मी अजून यांचंच आवरते आहे. पुस्तकं यांच्या शाळेला दिली, कोट आमच्या नालवाल्याला दिला. कपाटं रिकामी झाली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

लिहिते आहे ती कामासाठी. मी जनावरांची डॉक्टर झाले तेव्हा बाबांनी दिलेलं बावीस बोअरचं पिस्तूल ठणठणीत आहे, पण इथे मिळणारी काडतुसं दगा देतात. जनावराला शांत झोपवायचं इंजेक्शन दवाखान्यात तीन महिने आलेलं नाही, त्यामुळे सारखी पिस्तुलाचीच पाळी येते. मागच्या मंगळवारी लाकडाच्या वखारीत म्हातारा घोडा पाय मोडून पडला. पहिली दोन काडतुसं फुसकी निघाली, तिसरं चाललं. दोन्ही वेळा नुसतं खट् झालं आणि दोन्ही वेळा त्याने कान माझ्याकडे वळवले. वखारवाला म्हणाला की बाईंचा हात थरथरतोय. माझा हात थरथरत नव्हता.

बाबांच्या बंदुकांच्या दुकानात आता तूच आहेस, तिथून मला अशी काडतुसं शोधून दे की चाप एकदाच ओढावा, दुसऱ्यांदा ओढायची वेळ येऊ नये. पेटीभर नकोत. डझनभर पुरतील, त्यापुढे लागणार नाहीत. परवान्याची नक्कल जोडली आहे.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे, जास्तीची मागत नाही.

तुझी,
ठमी

*

दुकान,
११ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मी दोनदा वाचलं, मग वहिनीने वाचलं आणि पुन्हा माझ्या हातात दिलं. आधी कामाचं लिहितो, तेवढंच मला नीट जमतं.

या बारक्या काडतुसांत पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. भरताना कडेचा एखादा तुकडा रिकामा राहिला आणि ठोका नेमका तिथेच बसला, की तुझं ते खट्. कंपनीच्या नावावर जाऊ नकोस. एकाच कंपनीचा एक लॉट सोन्यासारखा निघतो आणि पुढचा निव्वळ कचरा. चपट्या टोकाची घेऊ नकोस, तुझ्या पिस्तुलात ती वर चढताना अडकतात. गोल टोकाचीच घे. आणि नळी रोज घासत बसण्यापेक्षा ठोका बसतो तिथली काजळी काढ. बाबांनी हे तुला शिकवलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष मागच्या अंगणातल्या शेळीकडे असायचं.

बाबांची पद्धत आठवते ना? प्रत्येक लॉटमधली दहा काडतुसं मागच्या खोलीत वाळूच्या पेटाऱ्यात झाडायची. दहाही चालली तर त्या लॉटच्या पेट्यांवर निळ्या पेन्सिलीने ‘तपासलं’ आणि खाली सही. एक जरी फसलं तरी लाल फुली आणि रवानगी तळघरात. चाळीस वर्षांत त्यांनी खोटं ‘तपासलं’ लिहिलं नाही. माझीही आता वीस वर्षं झाली.

आता बिनकामाचं. डझनभर पुरतील, त्यापुढे लागणार नाहीत, असं का लिहिलंस? मास्तरांचा तो कोट तू अंगावरून उतरवत नव्हतीस, असं तूच कळवलं होतंस, मग तो देऊन का टाकलास? इकडे ये. वहिनीने मागची खोली झाडून ठेवली आहे. तुझं घोरणं आम्ही पूर्वीही सोसलं आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
दादा

*

घर,
१९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं व्याख्यान मिळालं, काडतुसं मिळाली नाहीत.

सांगितलंस तसं केलं. काजळी काढली, गोल टोकाची नवी पेटी आणली आणि दवाखान्यामागच्या मातीच्या ढिगात दहा झाडली. चार फसली. हा माल घेऊन मी कुठल्या जनावरासमोर उभी राहू?

वहिनीला सांग, मी येत नाही. कुठेही गेले तरी मी माझ्याबरोबर येणारच, मग जागा बदलून काय होणार. खरं सांगायचं तर मी थकले आहे, दादा. सकाळी उठून दात घासायचे म्हटलं तरी ओझं वाटतं. ताटात वाढलेलं कालचं की आजचं, कळत नाही. जनावराचं दुखणं मला झटक्यात संपवता येतं, तेवढं एक काम अजून धड करते आहे. बाकी मला कशाचंच काही वाटत नाही.

आता प्रश्न पुरे. काडतुसं पाठव. मला दुसऱ्या कुणाच्या मालाचा भरवसा नाही.

तुझी,
ठमी

*

दुकान,
२८ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत बारा काडतुसं, गोल टोकाची. पाठवायला उशीर झाला कारण हाताशी होते ते लॉट मनाला येईनात. तीन दिवस शोधाशोध केली, आठ लॉटमधली दहा-दहा झाडून पाहिली, मग हा सापडला. पेटीवर निळ्या पेन्सिलीने लिहिलं आहे, म्हणजे पुन्हा तपासत बसू नकोस. बाराच आहेत, उगाच वाया जातील.

वहिनी म्हणते की दुकानाला कुलूप लाव आणि आजच्या आज जा. पण महिन्याभरात परवान्याची तपासणी आहे, साहेब कधीही येऊन उभे राहतील. ती उरकली की येतोच. तोवर जेवत जा. दोन ओळी तरी लिहीत जा. तुझ्या रागाच्या ओळीही मला चालतात.

तुझाच,
दादा

*

घर,
१७ फेब्रुवारी

दादास,

वखारीतली तांबूस घोडी तुला माहीत नाही. मी गेले की माझ्या खिशात तोंड घालायची. हे गेल्यानंतर मला बघून आनंद होणारी ती एकटीच उरली होती. काल दुपारी ओंडक्यांची रास तिच्यावर घसरली. मागचे दोन्ही पाय गेले.

मी धावत पोचले. नालवाल्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी त्याला म्हटलं की माझ्या भावाच्या दुकानचा माल आहे, बाबांच्या पद्धतीने तपासलेला, एका क्षणाचं काम आहे. खट् झालं. काडतूस फिरवून पुन्हा भरलं, की ठोका कडेच्या दुसऱ्या जागी बसावा. खट्. दुसरं घेतलं. मग तिसरं. असं मी अकरा काडतुसांचं केलं, दादा. इथली पेटी तुझा माल आला त्याच दिवशी टाकून दिली होती. आधी वखारीतली माणसं दूर उभी होती, मग एकेक करून निघून गेली. नालवाला तेवढा हलला नाही. तो यांचा कोट घालून आला होता, तो त्याने काढून तिच्या डोळ्यांवर टाकला.

शेजारच्या गावचा डॉक्टर मोटरसायकलवरून इंजेक्शन घेऊन आला तेव्हा तीन तास झाले होते. तीन तास ती माझ्याकडे बघत ओरडत होती.

आज सकाळी दोन काडतुसं पकडीने उघडली. आतली दारू ओलीने गोळा झालेली आहे. पेटी खिडकीपाशी धरली तर तुझ्या निळ्या अक्षरांखाली खोडलेली लाल फुली दिसते. दहांत एखादं फसलं तर नशीब म्हणता येतं. अकराच्या अकरा फसायला ती कुणीतरी निवडावी लागतात. का निवडलीस तेवढं लिही.

ठमी

*

दुकान,
२१ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही.

हो, मी निवडली. तळघरात बसून. ती बाबांच्या वेळच्या फुलीची पेटी होती, तळघरात एकदा पुराचं पाणी शिरलं तेव्हा भिजलेली. एरवी चालणारं काडतूस शोधायचं हे आमचं काम, मी तीन दिवस न चालणारं शोधत होतो. प्रत्येक लॉटमध्ये एखादं तरी चालायचं आणि मी तो लॉट बाजूला टाकायचो. एखादंही मला चालणार नव्हतं. या लॉटमधली दहाच्या दहा फसली तेव्हा मी तिथेच बसून रडलो, सुटलो म्हणून. मग त्यावर बाबांचा शब्द लिहिला.

तू काडतुसं जनावरासाठी मागत नाहीस, असं मला तुझ्या पहिल्या पत्रातच वाटलं. ते तुला विचारायची हिंमत झाली नाही. सरळ गाडीत बसून यायला हवं होतं, ते तपासणीच्या नावाखाली टाळलं. त्या घोडीचा माझ्या डोक्यात विचारच आला नाही. वहिनी माझ्याशी बोलत नाही. ती म्हणाली एवढंच, की बहिणीपाशी बसायला जायचं सोडून तुम्ही काडतुसं निवडत बसलात.

हवी तेवढी शिक्षा दे. पण पत्र पुन्हा वाचताना एका आकड्यापाशी अडलो. तू अकरा काडतुसं लिहिली आहेस. पेटीत मी स्वतः मोजून बारा भरली होती. बारावं कुठे आहे?

उलट टपाली लिही. नाहीतर मी निघतोच.

दादा

*

घर,
२५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बारावं यांच्या चष्म्याच्या डबीत आहे. पेटी आली त्याच दिवशी काढून ठेवलं होतं. तुला वाटलं ते खोटं नव्हतं. वखारीतल्या जनावरांची पुढच्या महिन्यापर्यंतची व्यवस्था लावायची आणि मग, असं ठरलं होतं. तुझ्या मालावर माझा पूर्ण भरवसा होता.

घोडी गेल्यावर घरी आले, डबी उघडली आणि ते हातात घेऊन बसले. हेही चालणार नाही हे तोवर कळून चुकलं होतं. मला हसू आलं, मग भडभडून आलं, यांच्यानंतर पहिल्यांदाच. पण रडत होते ती यांच्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. माझ्यासाठी निवडलेली अकरा काडतुसं त्या मुक्या जनावराच्या कपाळाशी खटखटली, हे मी आता जन्मभर घेऊन फिरायचं. तुला वाईट वाटून ते कमी होणार नाही, तेव्हा तसा प्रयत्न करू नकोस.

पिस्तूल काल चौकीत जमा केलं. पावती दाराला अडकवली आहे, आल्यावर तुझ्या डोळ्यांनी बघ. बरं वाटतं आहे असं मात्र समजू नकोस. दात घासायचं अजून तेवढंच ओझं आहे. नालवाला रोज सकाळी दार वाजवून बघतो. काल मी उघडलं नाही, आज उघडलं.

तू वाचवलंस म्हणून आभार मानावेत की खोटं ‘तपासलं’ लिहिलंस म्हणून तोंड बघू नये, हे मला ठरवता येत नाही. लोभ होता तसाच आहे असं लिहिणं या घडीला खोटं होईल आणि आपल्या घरात एवढं एक खोटं पुरे झालं.

दुकानाला कुलूप लाव आणि ये. येताना काही आणू नकोस.

ठमी