मिस्त्रींच्या हातांना सुट्टी

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या थोरल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (त्यातली गुडघ्यांची दोन अंगं सध्या संपावर आहेत, ती प्रत्यक्ष भेटीत घालीन.) मामींनाही नमस्कार. तुमचा उजवा खांदा आता वर जातो का, की अजून बस थांबवायला डावाच हात दाखवता? मामींचं डोळ्याचं औषध संपलं असेल तर कळवा. आम्ही सगळे मजेत आहोत. मजेत म्हणजे काय, ते पुढे येईलच.

तुमचं पत्र मिळालं. पहिलं पान तुमच्या खांद्याचं, दुसरं शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं, आणि शेवटी कोपऱ्यात जागा उरली म्हणून लिहावं तसं तुम्ही लिहिलंय की आपली चिंगी (पदवीधर झाली तरी तुमचं शेंडेफळ ते शेंडेफळच) माझ्यासारखी बोटांच्या ठशांच्या लायनीत जायचं म्हणते, तर मी तिला चार गोष्टी सांगून तिचं मन वळवावं. मामा, हे म्हणजे मांजरीला दुधाची राखण करायला बसवण्यासारखं झालं. माझ्या वेळीही तुम्ही हेच केलं होतं. 'लोक तोंडाला काळं फासतात, ही बोटांना फासणार,' असं तुम्ही भर पंगतीत म्हणाला होतात आणि सगळे हसले होते. मीही हसले होते, कारण मला नोकरीचं पत्र आलेलं होतं. आता तुमची हरकत नवी आहे. आता म्हणे सगळं यंत्रच करतं, बोट टेकवलं की काचेखाली हिरवा दिवा लागतो, मग तुमच्यासारखी माणसं तिथे पंख्याखाली बसून करतात काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर लांब आहे. चहा घेऊन बसा.

झालं असं की एक दिवस आमच्या कचेरीत हवालदार एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन आले. बसस्थानकावर सापडले होते. अंगात धुतलेला सदरा, पायात नीट चपला, खिशात काही नाही आणि डोक्यात नावही नाही. नाव विचारलं की ते छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "स्लॅब गळतोय का हो तुमचा?" गाव विचारलं तर म्हणाले, "वाळू चाळून घेत नाहीत हल्ली." म्हणजे बाकी सगळं पुसलं गेलं तरी धंदा शाबूत होता. गवंडी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणू लागले आणि त्यांनीही ते नाव मान्य केलं. वर्तमानपत्रात फोटो छापून झाला होता, पण त्यात ते इतके सगळ्यांसारखे दिसत होते की चार गावांहून चार कुटुंबं आली आणि 'आमचे नव्हेत' म्हणून परत गेली.

उरली बोटं. त्यांची दहाही बोटं आमच्या यंत्रावर ठेवून झाली. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला, यंत्राचं तेच. आमचे संगणकसाहेब (वयानं माझ्या भाच्यासारखे, पदानं माझ्या वर) यांनी काच पुसली, मिस्त्रींचे हात पुसले, स्वतःचा घाम पुसला आणि नोंद केली, 'ठसे उपलब्ध नाहीत.' मी मिस्त्रींचा हात हातात घेतला. मामा, जन्मभर सिमेंट कालवलेला हात तुम्ही पाहिला नसेल. शंख नाही, चक्र नाही, रेषेचा मागमूस नाही. घोटलेल्या फरशीसारखं गुळगुळीत बोट, मधूनमधून भेगा. (आमच्या शेजारच्या काकूंना वाटतं मी हात बघून भविष्य सांगते. किती वेळा समजावलं की मी बोटांची टोकं बघते, तळहाताशी माझा संबंध नाही. तरी मुलीचं लग्न ठरेपर्यंत त्या दर आठवड्याला तळहात पुढे करून उभ्या. शेवटी मी 'योग आहे' म्हणाले. ठरलं लग्न. आता त्यांच्या जावाही येतात.)

मी साहेबांना म्हटलं, "ठसे गेलेले नाहीत, झिजलेत. कातडी खालून परत येते, रेषांसकट. हाताला आराम मिळाला की पंधरवड्यात दिसायला लागतील." ते म्हणाले, "पंधरवडा? महिनाअखेरीस त्यांना लांबच्या कायमच्या संस्थेत पाठवणारेत. तिथे त्यांना नवीन नाव देतील आणि नोंद बंद होईल." मी म्हटलं, मग महिनाअखेरीच्या आत होईल. वीस-बावीस वर्षं भिंगाला डोळा लावून बसलेली बाई आहे मी, एका माणसाला नुसतं बसवून ठेवायला कितीसं लागतं!

खूप लागतं, मामा.

मिस्त्रींना ठेवलं होतं निराधारांच्या निवाऱ्यात. कचेरीच्या मागच्याच गल्लीत जुनी दुमजली इमारत, पुढे अंगण. तिथल्या व्यवस्थापकबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा असतो की त्या येण्याआधी त्यांचा आवाज येतो, म्हणून आम्ही त्यांना चावीबाई म्हणतो. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मिस्त्रींच्या हातांना तेल लावून वर सुती हातमोजे घातले आणि मी विजयी मुद्रेनं घरी आले. दोन दिवसांनी गेले तर मोरीच्या कट्ट्याला नवा गिलावा, आणि हातमोजे दोरीवर वाळत घातलेले. मिस्त्री म्हणाले, "पाणी मुरत होतं." मी चावीबाईंकडे पाहिलं, तर त्या दुसरीकडे बघत होत्या. पुढच्या खेपेला मागच्या दाराची पायरी सरळ झालेली. त्याच्या पुढच्या खेपेला कुंपणाची भिंत. मिस्त्रींची बोटं पहिल्यापेक्षा गुळगुळीत झाली आणि इमारत पहिल्यापेक्षा देखणी.

आता मिस्त्रींना थापी मिळते कुठून, वाळू येते कुठून? मी काही गुप्तहेर नाही, पण नवी कोरी थापी चावीबाईंच्या कपाटामागे उभी होती आणि तिच्यावर ठसे शोधायचीही गरज नव्हती. मी चांगलीच तापले. चावीबाई पहिल्यांदा कानावर हात ठेवून बसल्या, मग एकदम रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "दहा अर्ज केले दुरुस्तीचे, कुणी ढुंकून पाहिलं नाही. इथे बायका मोरीत घसरून पडतात. आणि तुम्ही म्हणता ह्यांना बसवून ठेवा? नुसते बसले की दारात जातात आणि विचारतात, मला न्यायला कोण येणारे? काय सांगू मी? थापी दिली की विचारत नाहीत." मामा, मी थापी होती तिथेच परत ठेवली. (एरवी मी वाद सोडत नाही, हे तुम्ही जाणताच.) मग बाहेर आले आणि अंगणात उभी राहिले. मिस्त्री कोपऱ्यातल्या मोडक्या ओट्याकडे असे बघत होते, जसे तुम्ही दुसऱ्याच्या ताटातल्या भजीकडे बघता.

तिथेच मला सुचलं. मी त्यांच्यापुढे जाऊन हात जोडले आणि म्हटलं, "मिस्त्री, हा ओटा नवा बांधायचाय. पण तुम्ही गवंडी म्हणून नाही. तुम्हाला मुकादम नेमलंय. माणूस मी देते." मिस्त्री एकदम ताठ झाले. डोक्यावर टोपी नव्हती तरी सरळ केली. मी पुढे म्हटलं, "आणि मुकादमानं थापीला हात लावायचा नसतो." ते म्हणाले, "ते काय मला सांगता? मुकादमानं थापी धरली की माणसं आळशी होतात."

माणूस मी देते, असं मी म्हटलं खरं. माणूस म्हणजे तुमचे जावई. त्यांची रजा साठलेली होती आणि ती ते दुपारी झोपून संपवायच्या विचारात होते. जन्मात ज्यांनी भिंतीत खिळा ठोकला नाही (एकदा ठोकला, तो शेजाऱ्यांच्या बाजूनं बाहेर निघाला), त्यांना मी सकाळी डबा देऊन निवाऱ्यावर पाठवलं. मिस्त्री छत्रीखाली खुर्चीत, तेल लावलेले हात मोज्यांत घालून मांडीवर. आणि उन्हात तुमचे जावई. पहिल्या दिवशी त्यांनी कालवलेलं सिमेंट बघून मिस्त्री म्हणाले, "हे पोरांना खीर म्हणून वाढा." दुसऱ्या दिवशी रचलेल्या विटा त्यांनी छत्रीच्या टोकानं ढकलल्या आणि त्या पडल्या. "ओळंबा लाव, ओळंबा! डोळ्यानं सरळ दिसतं ते सरळ नसतं!" गल्लीतली माणसं ऐकायला थांबायची. संध्याकाळी जावई घरी यायचे ते न बोलता पाटावर बसायचे आणि न बोलता जेवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातच्या भाजीला नावं न ठेवलेला तो पहिलाच पंधरवडा. ओटा तीनदा पाडला आणि चारदा बांधला. मिस्त्री ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे, पण शिस्त अशी की थापीकडे हात गेला नाही. मधूनच बोटं आपोआप वळायची, हवेत गिलावा केल्यासारखी, आणि मग ती ते मांडीखाली दाबून धरायचे. दारात जाऊन 'न्यायला कोण येणारे' विचारायलाही त्यांना फुरसत नव्हती. कामगार हातचा जाऊ द्यायचा नसतो.

आणि मामा, रेषा आल्या. आधी करंगळीवर, मग अनामिकेवर, पहाटे उजाडतं तशा. अंगठ्यांनी मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही. महिना संपत आला तेव्हा मी काच बाजूला ठेवली, कपाटातला जुना शाईचा रूळ काढला आणि हलक्या हातानं एकेक बोट कागदावर फिरवलं. जोर दिला असता तर सगळ्या रेषा शाईत बुजल्या असत्या. (हे चिंगीला सांगा. हात हलका हवा, बाकी शिकता येतं.) मग ते ठसे यंत्राला दिले. यंत्राला लाजबीज नसते. महिनाभर 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणणारं यंत्र झटकन नावांची यादीच काढून बसलं. साहेब पहिल्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "सापडले! निवृत्त केशकर्तनकार!" मी म्हटलं, थांबा. भिंग घेतलं. डाव्या मधल्या बोटावर शंख आहे, आणि त्या शंखाला आडवा छेद देणारी जुन्या जखमेची रेघ. केशकर्तनकाराला शंख होता, जखम नव्हती. दुसऱ्याची जखम होती, पण तिच्या वरखालच्या रेषा जुळेनात. तिसऱ्याची सगळी जुळली, रेषेला रेषा, फाट्याला फाटा. साहेबांनीही भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच मला खुर्ची दिली. त्या तिसऱ्या माणसाची नोंद ओळखपत्रासाठी झाली होती, त्यावेळी तो पाय मोडून घरी पडून होता. आयुष्यात हाताला तेवढीच काय ती सुट्टी, आणि तीच उपयोगी पडली.

मुलगी आली. शाळेच्या मुलांची गाडी चालवते, तीच घेऊन आली, मागच्या सीटवर कुणाचं तरी दप्तर राहिलेलं. तिच्या बाबांनी फार पूर्वी बांधून संपवलेल्या एका इमारतीवर 'कामाला जातो' म्हणून घर सोडलं होतं आणि भलत्याच बसमध्ये बसले होते. तिनं जवळपासचे सगळे दवाखाने, सगळ्या चौक्या पालथ्या घातल्या होत्या. इतक्या लांब ते आले असतील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. मी तिला अंगणात नेलं. मिस्त्री खुर्चीत होते. तिनं "बाबा" म्हटलं. त्यांनी वर पाहिलं, आणि मामा, काही नाही. स्लॅबकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जावयांच्या थापीकडे नजर वळवली. चावीबाईंनी किल्ल्या हातात आवळून धरल्या. माझा कागद बरोबर होता, रेषेला रेषा जुळली होती, आणि मला तो कागद कुठे ठेवू असं झालं. ती पोरगी त्यांच्या जवळ जायला निघाली आणि तिचा पाय पडला तो नेमका नव्या ओट्यावर.

"टिटवे! ओल्यावर पाय देऊ नकोस! किती वेळा सांगायचं तुला?"

ती जागच्या जागी थिजली. मग तिथेच, ओल्या सिमेंटात एक पाय रुतलेला, ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. टिटवी म्हणणारा तिला जगात एकच माणूस. तिनं पाय काढला नाही म्हणून मिस्त्री आणखी चिडले, उठून गेले आणि दंडाला धरून तिला खाली उतरवलं. उतरवल्यावर दंड सोडला नाही. "जेवलीस का?" म्हणाले. मी सरकारी माणूस असल्यामुळे कागदावर तिची सही घेतली, भिंतीआड गेले आणि डोळे पुसले. हाताला शाई होती. कचेरीत, बसमध्ये, बाजारात कुणीही मला सांगितलं नाही. घरी आरशात पाहिलं तेव्हा मला झुपकेदार मिशा होत्या.

तर मामा, पंख्याखाली बसून आम्ही हे करतो. यंत्र चांगलंच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण तेल कुणाच्या हाताला लावायचं आणि ओट्यावर नवरा कधी पाठवायचा, हे त्याला अजून कळत नाही. चिंगीला खुशाल पाठवा. ती माझ्यापेक्षा धीराची आहे आणि तिचा हात लहानपणापासून हलका आहे, तुमच्या खिशातले पेपरमिंट मीच तिच्याकडून काढवायची. मामींना आणि घरच्या सगळ्यांना यथायोग्य सांगावं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दगड मारू नये, खांदा पुन्हा निखळेल.

तुमची,
काळ्या बोटांची भाची

ता. क. – ओटा उत्तम झाला. त्यावर टिटवीचं पाऊल तसंच ठेवलंय, मिस्त्रींनी बुजवू दिलं नाही. मात्र जाताना त्यांनी जावयांच्या पाठीवर थाप मारून "हात बसला तुझा" म्हटलं. त्यांनी तसं म्हणायला नको होतं.

आणखी ता. क. – शनिवारी मी कचेरीत असताना जावयांनी आमच्या स्वयंपाकघराची आणि बाहेरच्या खोलीची मधली भिंत पाडली. त्यांच्या मते ती ओळंब्यात नव्हती. नवी तीन थर वर आलीय आणि गॅस सध्या पलंगावर आहे. खालच्या मजल्याचे लोक वर येऊन छताबद्दल काहीतरी म्हणत होते. तेव्हा मी, दोन्ही मुलं आणि सासूबाई येत्या रविवारी तुमच्याकडे येतोय. किती दिवस ते भिंतीवर अवलंबून. मामींना आजच सांगा, मला हिंमत होत नाही.

शेवटचं ता. क. – टिटवीला फोन केला होता, मिस्त्रींना विचारून काही उपाय सांग म्हणून. त्यांना माझं नाव आठवलं नाही, ह्यांचं आठवलं नाही, पण ते थापी घेऊन तिच्या गाडीत जाऊन बसलेत आणि उतरायला तयार नाहीत. मिस्त्रींचा निरोप एवढाच आहे की ते आमच्या घरी पोचेपर्यंत त्या माणसाला, म्हणजे ह्यांना, कशालाही हात लावू देऊ नका. तेवढं काम तुमच्याकडे देतेय, मामा. ह्यांनाही बरोबर आणते. तुमच्या घरातली थापी, हातोडी, पहार, जे असेल ते रविवारच्या आत शेजाऱ्यांकडे ठेवून या.