पैज अजून मोडलेली नाही

आणि म्हणे पैज मोडली! दाजी, कार्डावर ओळी सगळ्या तीन. एकीत पैज मोडली, दुसरीत ‘आता वाचून काय उपेग’, आणि तिसरीत म्हैस व्याली. पैज अशी कार्डावर मोडत नसते. मांडणारी गेली म्हणून पैज गेली, असं कुठल्या तालमीत चालतं? वस्ताद वारला तरी लागलेली कुस्ती कोणी सोडवत नाही, निकालच बघतात. तेव्हा निकाल असा, की मी जिंकलो आणि तुम्ही हरला. शर्त पाळा. पत्राचा मजकूर एवढाच. बाकी पुढं लिहितो आहे ते कागद कोरा धाडू नये म्हणून.

(रामराम राहिलाच. रागात आधी माणूस आठवतो, रामराम मागून. तर गडमुडशिंगी मुक्कामी दाजी हंबीरराव यांस बसरा बंदराहून पिराजीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? म्हशीला काय झालं, रेडकू की पारडी? ते लिहायचं तुम्ही विसरला. हौसाला खोकला होता तो गेला का? माझी तब्येत बरी आहे. इथं माशा फार. घास तोंडात जाईपर्यंत निम्मा त्यांचा होतो. लढाई संपली म्हणतात, पण पोती संपलेली नाहीत, म्हणून आमची हमाल पलटण अजून गोदीवरच आहे. हे पत्र वाटेत सरकारचा मराठी जाणणारा एक माणूस फोडून वाचतो. रावसाहेब, तुम्हालाही रामराम. यात तोफांचं काही नाही, एका पोरीचं आहे. पुढं जाऊ द्या.)

पैज काय होती ते तुम्ही सोयीनं विसरला असाल. गेल्या पाडव्याला मी जयसिंगपूरच्या नव्या पेठेतली हमाली सोडून, हमाल पलटणीत भरती होऊन घरी आलतो. त्याच्या आधी कोल्हापुरात टांगा सोडला होता, आणि त्याच्याही आधी कुरुंदवाडला नदीवरची नाव. तुम्ही गुढीखाली बसून सगळ्यांदेखत म्हणाला, “ह्येच्या बुडाला चाकं हायती. ह्यो एका जागी बसून एक पान वाचायचा न्हाय.” मी तिसरीतून पळालेला, मला ते झोंबलं. पण माझ्या आधी आक्काच बोलली. “आणि तुम्ही वो? दरसाल तीच पोथी! त्यातबी कट्टाळा आला की दोन ओव्या गिळताय, मला कळत न्हाय व्हय?” (तिला अक्षर येत नव्हतं, पण देवळात बायकांच्या रांगेत पुढं बसून तिची सगळी पोथी पाठ झालेली. तुम्ही ओवी गाळली की तिथून तिचा खोकला यायचा.) मग तिनंच ठरवलं. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत दोघांनी महिन्याला एक पुस्तक वाचायचं, नवं. त्यात काय आहे ते तिला सांगायचं, मी पत्रानं आणि तुम्ही तोंडानं. आणि जो कमी पडेल त्यानं तिला लिहावाचायला शिकवायचं. दाजी, त्या वक्ताला आपण दोघांनी एकमेकांकडं बघितलं ते मला आठवतं. तिला शिकवायचं म्हणजे मास्तरानंच छडी खायची. भ्यालो म्हणून तर दोघेही वाचायला बसलो.

आता तुमचं म्हणणं, ती नाही तर शिकवायचं कुणाला? त्याचं उत्तर मी आषाढातच वाचून ठेवलं आहे. आषाढात माझ्या हाती जमिनीच्या कायद्याचं पुस्तक आलं होतं. त्यातलं मला एवढंच कळलं, की माणूस गेलं तरी त्याचं येणं जात नाही, ते वारसाकडं जातं. आक्काचं येणं होतं अक्षर. वारस हौसा आहे. मागच्या महिन्यात आपल्या गावचा बाळासो नव्या भरतीत इथं आला, त्यानं सांगितलं, की हौसाला तुम्ही शाळेतून काढली, दिवसभर ती म्हशीमागं असते, आणि दिवेलागणीला तुमच्या घरात दिवा लागत नाही. बापलेक अंधारात जेवून अंधारात पडतात. मी त्याला म्हटलं, खोटं बोलतोस. तो म्हणाला, “पावणं, मी तुमच्या दाजींच्या दारावरनं रोज जायचो की.” हे ऐकल्यावर मी ठरवलं, की कोण जिंकलं ते सांगायचंच.

तर माझी पुस्तकं. तुम्ही कुठलं वाचावं आणि कुठलं हातात धरू नये, तेही सांगतो. चैत्रात बोटीवर पंचांग वाचलं. ते पुस्तक नव्हे असं तुम्ही म्हणाल. बोट हलत असताना तिथी, वार, नक्षत्र असं सबंध वर्ष मोठ्यानं वाचून बघा, मग बोला. पण वाचू नका. त्यात सगळ्यांचं भविष्य लिहिलंय आणि कुणाच्याच राशीला ह्या सालच्या तापाच्या साथीचं एक अक्षर नाही.

इथं छावणीच्या दवाखान्यात एक कारकून होते, त्यांच्याकडं मराठी पुस्तकांची पेटी. कुरुंदवाडचा अमीन सुतार माझा जोडीदार, त्यानं त्यांची खाट दुरुस्त केली, त्या बदल्यात पेटी उघडली गेली. पण मला पुस्तक वाचायची एकच रीत ठाऊक. आपल्याकडं पुस्तक म्हणजे पोथी. अंघोळ करायची, पाटावर ठेवायची, फूल वाहायचं, मोठ्यानं वाचायची, एकदा लावली की अर्धी सोडायची नाही, आणि समाप्तीला प्रसाद. कारकून मात्र तोंड मिटून वाचायचे. मला वाटलं, बसल्या जागी डोळा लागला. मनातल्या मनात वाचणं म्हणजे मनातल्या मनात जेवणं, पोट कुणाचं भरायचं? तर मी वैशाखात गुरांच्या रोगांचं पुस्तक लावलं. खोक्याचा पाट केला. फूल ह्या मुलखात मिळेना, म्हणून अमीननं लाकडाचं कोरून दिलं. आपल्याकडची माणसं पोथी आहे म्हटल्यावर हातपाय धुऊन बसली. पहिला अध्याय लाळ्या-खुरकुताचा. दुसरा फऱ्याचा, त्यात धडधाकट खोंड सकाळी चरायला जातो आणि संध्याकाळी मांडी सुजून मरतो. तिथं चारपाच बाप्ये रडायला लागले. कोणाला आपला खोंड आठवला, कोणाला खोंडाचं नाव. समाप्तीला खजूर वाटला आणि सगळे पुस्तकाच्या पाया पडत असताना आमचे हवालदार आले. आधी त्यांनी पुस्तकाचं नाव वाचलं, मग आमची तोंडं बघितली, आणि दोन खजूर घेऊन गेले. हे पुस्तक तुम्ही वाचा. म्हैस व्यालेल्या घरात ते असावं.

ज्येष्ठातलं वाचू नका. ते सुगरणींसाठी लिहिलेलं होतं, म्हणजे स्वयंपाकाचं. त्या दिवसांत देशाकडनं बोट आली नव्हती, रेशन तुटलं होतं, माणसांपुढं कडक बिस्कुटं. अशा वक्ताला मी भरल्या वांग्याचा अध्याय लावला. मसाला परतेपर्यंत सगळे बिस्कुट हातात धरून ऐकत होते. तेल सुटायला लागलं तसा एकजण ओरडला, “बंद कर की रं, जीव घेतोस का!” दुसरा म्हणाला, पोथी मध्येच थांबवली तर पाप लागतं, पुढं काय होतं ते ऐकू दे. त्यावरनं हाणामारी झाली. मी वाचतच होतो, अध्याय मोडता येत नाही ना. पुरणपोळीपर्यंत आलो तेव्हा हवालदार पुन्हा आले. ह्या खेपेला त्यांनी काही खाल्लं नाही. मला आठ दिवस दुप्पट पोती. ते मी आक्काला लिहिलं होतं. तिनं तुमच्या हातानं उत्तर धाडलं, की वांग्यात गूळ घालायचं लिहिलंय का, नसलं तर पुस्तक खोटं. त्या पुस्तकात गूळ नव्हता.

श्रावणातलं साबण करायचं आणि भाद्रपदातलं तारखात्याच्या नियमांचं, ही दोन्ही तुम्ही सोडा. मी वाचली, मला फायदा झाला नाही, साबणालाही झाला नाही.

आश्विनात कादंबरी मिळाली. हे मात्र तुम्ही शोधून वाचाच. नाव सांगता येत नाही, कारण पुढची पानं वाळवीनं खाल्लेली आणि शेवटची कुणी चिलीम पेटवायला फाडलेली. मधलीच आहेत. एक बाई आहे. सासरी हाल काढते, पण तोंडानं तिखट, वाकत नाही. ऐकणाऱ्यांनी तिला आपलीच धरली. अमीन म्हणायचा, माझी बायको रशिदा अशीच आहे. मी म्हणायचो, आमची आक्का. मग त्या बाईला ताप येतो, ती फणफणते, दारात वैद्याचा घोडा येऊन थांबतो, आणि पान संपतं. पुढं काही नाही. मी थांबलो तर सगळे म्हणाले, वाच. मी म्हटलं, पानं नाहीत. तर म्हणाले, पोथी अर्धी ठेवतोस? अमीनही म्हणाला, “भाई, पोथी असू दे नायतर किताब, बाईला असं तापात टाकून उठू नये.” मग मी कोऱ्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं बोलू लागलो. वैद्य आत आला. नाडी बघितली. पहाटे घाम फुटला, ताप उतरला, बाई उठून बसली आणि भाकरी मागितली. बरोबर कांदा मागितला. सासूला म्हणाली, भाकरी करपलीय. माणसं हसली. त्या दिवशी खजूर दुप्पट वाटला.

दाजी, मी त्या पुठ्ठ्यावरनं तिचा ताप उतरवत होतो, त्याच आठवड्यात आपल्याकडं गल्लीगल्लीत ताप होता, आणि तुमच्या घरात तो उतरला नाही. ती गेल्याचं तुमचं कार्ड महिन्याभरानं आलं. मी ते मोठ्यानं वाचायला घेतलं, सवयीनं. दुसऱ्या ओळीला अमीननं ते माझ्या हातातनं काढून घेतलं.

कार्तिकाचं नंतर सांगतो. मार्गशीर्षात पत्रं कशी लिहावीत ह्याचं पुस्तक वाचलं. तुम्हाला दुखवट्याचं पत्र लिहायचं होतं आणि मला शब्द सुचत नव्हते, म्हणून मुद्दाम मागून घेतलं. त्यात मित्राचा काका वारला तर काय लिहावं ते आहे. शेठजींची पेढी बुडाली तर आहे. परीक्षेत पास झाल्याचं आहे. बहीण वारली तर मेहुण्याला काय लिहावं ते कुठं नाही. काकाच्या जागी बहीण घालून बघितली, पण ‘त्यांचे वय झालेच होते’ ह्या ओळीला अडलो. शेवटी लिहिलंच नाही. माझं पत्र आलं नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. ते पुस्तक घेऊ नका.

पौषात बागेतल्या कलमांचं आणि माघात मुंजीच्या वयाची पोरं शिकतात तसल्या हिशेबाचं वाचलं. आता फाल्गुनात शेवटचं चालू आहे, ते पहिल्या इयत्तेचं आहे. बदक, घर, कमळ. बाराव्या महिन्याला एवढं सोपं पुस्तक घेतलं म्हणून हसू नका. एका बैठकीत समाप्ती होईल असं आहे ते, पण मी रोज पहिल्यापासून वाचतो. बाळासो शेजारी बसतो, त्याला त्यातली निम्मी अक्षरं आता येतात. अवघड काही नसतं, दाजी. पोरीची तर बुद्धी कोवळी आहे.

तर माझी झाली बारा. तुमची भाद्रपदापर्यंतची सहा, आणि देवळातली पोथी खुंटीला. हिशेब झाला. तुम्ही हौसाला शिकवायचं. पत्रोत्तर यावं. थोरांस नमस्कार, हौसाच्या गालाला हात लावा.

तुमचा मेहुणा,
पिराजी

ता. क. हवालदारांनी आत्ता विचारलं, काय लिहितोस, तर सांगितलं बाराव्या पुस्तकाचं. ते म्हणाले, अकरावं. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं आठवतं, कारण कार्तिकात खजूर मिळाला नाही. कार्तिकात मी वाचलं नाही. पाट मांडला, अंघोळ केली, माणसं बसली, आणि माझं तोंडच उघडेना. महिनाभर सगळे तसेच येऊन बसायचे, मी पुस्तक धरून बसायचो, आणि मग उठायचो. अमीन फूल पुसून ठेवायचा. तेव्हा मीही हरलोच आहे. वर जिंकलो म्हणून लिहिलं ते खोडून पत्र नव्यानं लिहिलं असतं, पण कागद एवढाच आहे.

दुसरा ता. क. दोघेही हरलो, तर शर्त दोघांनी फेडायची. माझा करार अजून सरला नाही, मला यायला दसरा उजाडेल. जोडाक्षरं मी आल्यावर शिकवीन, ती मलाही पुन्हा शिकायची आहेत. बाराखडीपर्यंत तुम्ही न्या. शाळेत धाडलीत तर उत्तमच, महाराजांनी फी काढूनच टाकली आहे. पण रात्री घरी तुम्हीच घेऊन बसा. तुम्हाला वाचवत नाही हे मला कळतं, माझाही महिना तसा गेला. तर तुम्ही वाचू नका, नुसतं तिच्यापुढं अक्षर काढा, ती वाचील. आणि ती चुकली तर खोका, तिला आईचा खोकला ओळखीचा आहे.

तिसरा ता. क. अंधारात बाराखडी दिसत नाही. मनिऑर्डर केली आहे. ती जेवणावळीला नाही, दानाला नाही, म्हशीच्या पेंडीलाही नाही. त्याचं घासलेट आणा आणि दिवेलागणीला दिवा लावा. रुपये सात.