कुठल्या कानाला

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे लिहितोय.

कारखान्यातल्या यंत्रांनी तुमचे कान खाल्ले, असं आपण समजत होतो. म्हणूनच तुम्ही मला हट्टानं घड्याळदुरुस्तीच्या शांत कामाला लावलंत. पण मागच्या महिन्यात उजव्या कानाला टिकटिक ऐकू आली नाही, म्हणून मी चांगलं चालू घड्याळ उघडून बसलो. दुकानाचे मालक हसले, मीही हसलो.

मग कान तपासून घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही कानांच्या नसांवर गाठी आहेत. कॅन्सर नाही, घाबरू नका. पण हे रक्तातून येतं, बापाकडून लेकराकडे. गाठ काढली तरी कान जाऊ शकतो, ठेवली तरी जाईल. यात तुमचा दोष नाही, मनाला लावून घेऊ नका.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला इतक्यात सांगू नका.

एक काम करा. माझी पोर फोनवर माझ्याशी बोलत असली की समोर बसा. हल्ली ती मधेच फोन दुसऱ्या कानाला नेते, असं वाटतं. तिला काही विचारू नका. नुसतं बघा.

तुमचा,
धाकटा