पणजीचं पहिलं नाव

रविवार, संध्याकाळ. एदोगावा.

शेजारच्या हेलनला तिच्या पणजीचं जन्मगाव सापडलं. वेल्समधलं, डोंगराखालचं, मला उच्चारताही न येणारं. घरच्या जुन्या बायबलात पणजीचं माहेरचं नाव होतं, त्यावरून चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. आणि शोधायला मदत कुणी केली? माझ्या ईराने! घरी आली ती नाचतच.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जळलेच मी.

माझ्या पणजीचं माहेरचं नाव काय? पुण्याला आईला फोन केला.

"अगं, लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेच पुढे चाललं. जुनं कोण विचारतंय?"

आमच्या वंशावळीत तर नुसते पुरुष. बाई कुठून आली, कुणाला काय त्याचं? हेलनकडे नाव आहे, गाव आहे, गावात चर्चसुद्धा आहे.

ईरा ऐकत होती. "बट तुझं नाव नाही ना बदललं?"

"बदललं की. लग्नाआधी मी वैशाली होते."

हे मी पोरीला कधी सांगितलंच नव्हतं? ती बघतच राहिली. मग उठली आणि इथे जपानी लोक पहिल्या भेटीत वाकतात तशी कमरेत वाकून म्हणाली, "हाजिमेमाश्ते, वैशाली-सान."

हसू आलं, डोळेही भरले. हेवा मात्र गेलेला नाही. हेलन आता तिच्या पणजीला नावाने हाक मारू शकते. मी माझ्या पणजीपुढे वाकून कोणतं नाव घेऊ?